सराफ्याची जलेबी आणि झोपलेली लाळ

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

"सकाळ-संध्याकाळ ब्रश करतो, गोडही बेतानेच खातो, तरी दाढ किडली कशी?" इंदूरमधल्या कुठल्याही दंतवैद्याला हा प्रश्न नवा नाही. विचारणारा खोटे बोलत नसतो. तो साखरेचे चमचे मोजत असतो आणि दात मोजतात त्या वेळा. दिवाळीच्या फराळाचे दिवस जवळ आले आहेत, म्हणून हा वेळांचा हिशेब आपल्या वाचकांपुढे मांडावा असे आम्हाला वाटले. सराफा, म्हणजे इथला रात्रीचा खाऊबाजार, सोडा, पोह्यांबरोबरची जलेबी सोडा, असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी या गावात ऐकणार कोण?

दाताला 'कीड' लागली असे आपण म्हणतो, पण तिथे किडा नसतो. दातांवर दिवसभर एक पांढरट, चिकट थर धरत असतो. नखाने खरवडला तर नखात येतो. त्यातले जिवाणू, मुख्यतः स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, साखर खातात आणि आम्ल सोडतात. तोंडातला सामू, म्हणजे पीएच, एरवी सातच्या आसपास असतो; हा आकडा जितका कमी, तितके आम्ल जास्त. गोड खाल्ल्यावर या थरातला सामू काही मिनिटांत साडेपाचच्या खाली उतरतो आणि इनॅमलमधले, म्हणजे दाताच्या वरच्या टणक थरातले, कॅल्शियम व फॉस्फेट विरघळू लागतात. मग लाळ कामाला लागते. ती आम्ल सौम्य करते, धुऊन नेते आणि गेलेली खनिजे थोडीथोडी परत बसवते. याला साधारण अर्धा तास ते तास लागतो. अमेरिकी संशोधक रॉबर्ट स्टेफन यांनी १९४०च्या दशकात हा उतार-चढाव मोजून त्याचा आलेख काढला, आणि दंतवैद्यकाचे विद्यार्थी आजही तो शिकतात. त्या आलेखाचा घरगुती अर्थ इतकाच की दोन जलेब्या एका बैठकीत खाल्ल्या तर दातांवर आम्लाचा एक हल्ला होतो. त्याच दोन जलेब्या पुडीत ठेवून सकाळभर तुकडा तुकडा तोडल्या तर चार होतात.

आता आपला नेहमीचा दिवस पाहा. सकाळी सहा-साडेसहाला चहा आणि टोस्ट. नऊला पोहे-जलेबी. अकराला ऑफिसात चहा. जेवण झाल्यावर बडीशेप आणि खडीसाखर. चारला पुन्हा चहा, बरोबर बिस्किटे. संध्याकाळी छप्पन दुकान या खाऊगल्लीकडे पाय वळले तर शिकंजी. रात्रीचे जेवण, वर पुन्हा खडीसाखर. शनिवार असला तर अकरा वाजता सराफा. हे आठ-नऊ हल्ले झाले. प्रत्येकाला पाऊण तास धरला तर दात रोज सहा तासांहून अधिक वेळ आम्लात बुडालेले असतात आणि लाळेला दुरुस्तीसाठी सलग दोन-तीन तासही मिळत नाहीत. यात एकूण साखर फार नसेलही. म्हणूनच 'बेताने खाणाऱ्या' माणसाचे दात किडतात आणि लग्नाच्या पंगतीत बसून आठ जिलब्या उडवणाऱ्या काकांचे कधीकधी शाबूत राहतात. काकांना साखरेचा दुसरा त्रास होऊ शकतो, तो विषय वेगळा.

स्वीडनमधल्या लुंड इथल्या विपेहोल्म संस्थेत १९४५ ते १९५३ या काळात नेमके हेच तपासले गेले. जेवणाबरोबर भरपूर साखर दिलेल्या गटात कीड फारशी वाढली नाही. दोन जेवणांच्या मधे चिकट टॉफी दिलेल्या गटात ती झपाट्याने वाढली. बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांवर त्यांच्या संमतीविना केलेला हा प्रयोग होता. आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, देऊही नये. पण दातांबद्दल त्यातून जे कळले ते खोटे ठरलेले नाही.

तेव्हा पहिला बदल असा की गोड जेवणाला किंवा न्याहारीला जोडून खावे. जलेबी पोह्यांबरोबरच संपवावी. मधल्या वेळी भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, काकडी, गाजर, साखर न घातलेले ताक, चीजचा तुकडा असे काही घ्यावे. शेंगदाणे आणि चीज चावताना लाळ सुटते आणि साखर जवळजवळ नसते. शेव आणि नमकीनबद्दल लोक विचारतात. बेसनाची शेव दातांना मिठाईइतकी वाईट नाही. मैद्याचे बिस्किट मात्र दिसते त्याहून वाईट आहे, कारण त्याचा लगदा दाढांच्या खोबणीत बसतो आणि चॉकलेटपेक्षा जास्त वेळ तिथेच राहतो. चिक्की, गजक, गूळपोळीच्या कडा, खजुराचे लाडू यांचेही तसेच. गूळ आणि मध 'नैसर्गिक' म्हणून सुटत नाहीत, जिवाणूंना तो फरक कळत नाही. रस काढलेले फळही साखरेच्याच खात्यात जाते. अख्खे फळ चावून खाल्ले तर चालते.

प्रमाणही सांगून टाकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर, मध आणि रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आत असावी, शक्य तर ५ टक्क्यांच्या. दोन हजार उष्मांकांच्या आहारात ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, चहाचे सपाट पाच-सहा चमचे. दोन-दोन चमच्यांचे चार कप चहा झाले की आपण ४० ग्रॅमवर पोहोचलो, मिठाई अजून डब्यातच आहे. चहा सोडवत नसेल तर साखर अर्ध्या चमच्याने उतरवत जा, आणि कप अर्धा तास घुटके घेत संपवण्यापेक्षा पाच मिनिटांत संपवा.

दुसरा बदल रात्रीचा, आणि आमच्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा. दिवसभरात तोंडात अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. झोपेत ती जवळजवळ थांबते. म्हणजे ज्या वेळी धुणारे, दुरुस्त करणारे कुणी हजर नाही, त्या वेळी दाढेच्या खोबणीत रबडीचा लेप ठेवून आपण सहा-सात तास झोपतो. सकाळी कितीही मन लावून ब्रश केला तरी रात्रीत झालेले नुकसान त्याने भरून येत नाही. मराठी घरांत तोंड धुतल्याशिवाय चहा नाही हा नियम कडक असतो. चांगलाच आहे, चालू ठेवावा. पण दिवसाला दोन ब्रश करायचे तर त्यातला न चुकवण्याचा रात्रीचाच.

सराफ्याला जाणाऱ्यांनी इतके करावे. मालपुआ, जलेबी, माव्याची बाटी जे काय गोड खायचे ते आधी खा, गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा कीस नंतर. शेवटी साध्या पाण्याने अर्धा मिनिट खळखळून चूळ भरा. लिंबू पिळलेला गराडू खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका, कारण आम्लाने इनॅमलचा वरचा पापुद्रा काही वेळ मऊ झालेला असतो आणि ब्रशने तो झिजतो. अर्धा तास जाऊ द्या, घरी पोहोचेपर्यंत तो जातोच. मग एक वाजला असो की दोन, ब्रश करूनच आडवे व्हा. आणि त्यानंतर पाण्याशिवाय काही नाही. गादीवर बसून च्यवनप्राशचा चमचा चाटणारे, खोकल्याची गोळी गालात ठेवून झोपणारे, झोपण्यापूर्वी मुलाला गोड सिरप देऊन तसेच निजवणारे आई-वडील, या सगळ्यांचा ब्रश वाया जातो. औषध आधी, ब्रश नंतर, एवढा क्रम बदलला की पुरे.

पेस्टबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण घोटाळा इथे जास्त आहे. कीड रोखण्याच्या कामात पेस्टमधला खरा उपयोगी घटक फ्लोराइड. तो लाळेत असला की विरघळलेली खनिजे परत बसताना अधिक टणक स्फटिक तयार होतात, आणि ते सामू साडेचारच्या आसपास उतरेपर्यंत टिकतात. भारतात पेस्टमध्ये फ्लोराइडची कमाल मर्यादा १,००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) आहे आणि ते प्रमाण ट्यूबवर छापणे बंधनकारक आहे. दुकानात ट्यूब उलटी करून ते शोधा. आकडा नसेल, नुसती लवंग-कडुनिंबाची चित्रे असतील, तर ती पेस्ट तोंडाला वास देईल, कीड रोखणार नाही. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या दातणाने नीट चावून घासले तर थर निघतो हे खरे, पण दाढांच्या आतल्या बाजूला दातण पोहोचत नाही आणि फ्लोराइड त्यात नाही. कोळसा, राखुंडी, मीठ आणि भरड लाल मंजन दातांना घासकागदासारखे काम देतात. दात पांढरे दिसतात ते इनॅमल झिजल्यामुळे. मंजन आणि पेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२पासून बंदी आहे, तरी मिशरी लावणारी कुटुंबे आजही भेटतात. ती सवय दातांपेक्षा गाल आणि जिभेसाठी अधिक धोक्याची.

फ्लोराइडची भीती घालणारे संदेश मोबाइलवर फिरत असतात. आपल्या भागात त्या भीतीला एक खरे कारणही आहे. झाबुआ आणि धार जिल्ह्यांतल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त असल्याने तिथल्या मुलांचे दात पिवळट-तपकिरी, ठिपक्यांचे होतात. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५पर्यंत चालते, असे भारतीय मानक सांगते. पण तो डाग पडतो दात हिरडीच्या आत घडत असताना, म्हणजे साधारण आठ वर्षांच्या आत, वर्षानुवर्षे पोटात गेलेल्या फ्लोराइडने. दातांवर लावून थुंकून टाकलेल्या पेस्टची गोष्ट वेगळी. बोअरवेलचेच पाणी पिणाऱ्यांनी ते एकदा तपासून घ्यावे. लहान मुलांना पेस्ट मोजून द्यावी. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षे वाटाण्याएवढी. जाहिरातीतली ब्रशभर नागमोडी पट्टी मोठ्यांनाही लागत नाही.

ब्रश मऊ केसांचा घ्यावा. कडक ब्रशने आडवे घासणाऱ्यांच्या दातांना हिरडीजवळ खाचा पडतात आणि गार पाणी झोंबते. ब्रश दात आणि हिरडी यांच्या सीमेवर ४५ अंशांत तिरपा टेकवा. जागच्या जागी लहान हालचाल करा, मग केस दाताच्या टोकाकडे झाडल्यासारखे फिरवा. दोन-तीन दातांचा घास धरत पुढे जा. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग चावण्याचा पृष्ठभाग. एकूण दोन मिनिटे लागतात. घड्याळ लावून पाहा, बहुतेकांचे पाऊण मिनिटात आटपते. हमखास राहून जाणाऱ्या जागा दोन. खालच्या पटाशीच्या दातांची आतली बाजू, जिथे कीटण साचते, आणि शेवटच्या दाढेची मागची भिंत. उजव्या हाताने घासणाऱ्यांनी उजवी बाजू दोनदा तपासावी, मनगट तिकडे कमी वळते. झाल्यावर फेस थुंका आणि तिथेच थांबा. तांब्याभर पाण्याने चार-चार चुळा भरायची आपली जुनी सवय दातांवर बसलेले फ्लोराइड धुऊन टाकते. सुरुवातीला तोंड विचित्र वाटते, आठवड्यात सवय होते. ब्रशचे केस फाकले की तीन महिन्यांची वाट न पाहता बदला.

दोन दातांच्या फटीत ब्रश शिरत नाही. तिथली कीड बाहेरून दिसतही नाही, एक्स-रेत सापडते. रात्री ब्रशच्या आधी दंतदोरा, म्हणजे फ्लॉस, वापरावा. साधारण ४५ सेंटिमीटर दोरा दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा, मधे दोन-तीन सेंटिमीटर मोकळा ठेवा, करवतीसारखा हळू फटीत उतरवा, एका दाताला मिठी मारल्यासारखा वळवून वर-खाली चार-पाच वेळा ओढा. मग शेजारच्या दाताला तसेच. पुढच्या फटीला दोऱ्याचा कोरा भाग. शिवणाचा दोरा किंवा सेफ्टीपिन अजिबात नको. फटी मोठ्या झालेल्या असतील तर बारीक इंटरडेंटल ब्रश अधिक सोपा जातो. जेवणानंतर काडीने कोरत बसण्याने हिरडी दुखावते.

मुलांच्या बाबतीत दोन ठिकाणी सगळ्यांत जास्त नुकसान होते. पहिले दुधाच्या बाटलीचे. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपलेल्या मुलाचे वरचे पुढचे चार दात आधी जातात. खालचे वाचतात, कारण त्यांच्यावर जीभ असते. वरचा ओठ उचलून महिन्यातून एकदा पाहा. हिरडीलगत खडूसारखी पांढरी, मळकट रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात आहे. खड्डा पडलेला नसेपर्यंत दंतवैद्याने लावलेल्या फ्लोराइडच्या वार्निशने, म्हणजे लेपाने, आणि बाटली बंद करून ती थांबवता येते. रेघ तपकिरी होऊन तुकडा उडाला की ती वेळ गेली. चोखणीला मध लावून देणेही तसेच, शिवाय एक वर्षाच्या आत मध एरवीही धोक्याचा. 'दुधाचेच दात, पडणारच आहेत' हे ऐकून आम्ही थकलो. दुधाच्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायच्या असतात. त्या आधी गेल्या की शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि पुढे वेडेवाकडे दात सरळ करण्याचा खर्च उभा राहतो.

दुसरे ठिकाण सहाव्या वर्षीची दाढ. ती कुठलाही दात न पडता सगळ्यांच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरचे तिला दुधाचीच समजतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. पुढच्या मधल्या दातापासून एका बाजूला मोजत जा. दुधाचे दात एका बाजूला पाचच असतात. सहावा दिसला की तो कायमचा. तिच्या वरच्या खाचा ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद असतात, त्यामुळे कितीही घासले तरी तळ साफ होत नाही. दाढ पूर्ण वर आल्यावर या खाचा सीलंटने, म्हणजे खाचा बंद करणाऱ्या पातळ लेपाने, बुजवून घ्याव्यात. याला भूल लागत नाही, कोरावेही लागत नाही. आणि सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचा ब्रश मोठ्यांनी हातात घ्यावा. ज्या मुलाला अजून बुटाची नाडी धड बांधता येत नाही, त्याला मागची दाढ घासता येईल ही अपेक्षाच चुकीची.

वयस्कांचे थोडक्यात. हिरड्या खाली सरकून मुळे उघडी पडतात. मुळावर इनॅमल नसते, तिथे सामू साडेसहाच्या आसपास आला तरी नुकसान सुरू होते. रक्तदाबाच्या, नैराश्याच्या, ॲलर्जीच्या काही गोळ्यांनी आणि मधुमेहाने तोंड कोरडे पडते. त्यावर उपाय म्हणून आजी-आजोबा खडीसाखर चघळत बसतात आणि वर्षभरात चार दात मुळाशी किडतात. पाण्याचे घोट घ्यावेत, साखर नसलेली झायलिटॉलची (साखरेऐवजी वापरायच्या गोड पदार्थाची) गोळी किंवा च्युइंगम चालेल. औषधाची गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांना विचारावे.

दुखण्याच्या बाबतीत एकच सांगणे आहे. इनॅमलमधली कीड दुखत नाही. गार आणि गोड झोंबू लागले म्हणजे ती आत डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलखालच्या थरात, पोहोचली, आणि साधे फिलिंग तेव्हाच होते. रात्री आपोआप ठणका सुरू झाला म्हणजे ती दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोहोचली, तिथे रूट कॅनालची वेळ येते. आणि ठणका आठवडाभराने अचानक थांबला तर दाढ बरी झालेली नसते, नस मेलेली असते. पुढची पायरी पू आणि गालाला सूज. लवंगेच्या तेलाने दुखणे काही तास दबते, कीड जागेवरच असते. बोळा हिरडीला लागला तर हिरडी भाजते. दुखऱ्या दाढेशेजारी वेदनाशामक गोळी धरून ठेवणाऱ्यांच्या गालाला पांढरे चट्टे पडलेले आम्ही पाहतो. धुरी देऊन 'किडे पाडून' दाखवणारे अजून काही बाजारांत बसतात. त्यांच्या वाटीतले किडे दातातून आलेले नसतात. खर्चाची अडचण असेल तर शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे जावे.

संपादक महोदय, आपल्याकडे एक मागणे आहे. दिवाळीत आपण फराळाच्या पाककृती छापाल. आम्हीही त्या करून खाऊ. पण अनारसे, चिरोटे, शंकरपाळे यांची ताटली पंधरा दिवस बैठकीत उघडी असते आणि येता-जाता प्रत्येकाचा हात तिकडे जातो. त्या पानावर एक चौकट टाकता आली तर पाहा: फराळ सकाळच्या चहाबरोबर एकदा आणि संध्याकाळी पाहुण्यांबरोबर एकदा, मधल्या वेळी डब्याला झाकण. रात्री ब्रश, मग पाणी फक्त.

आपले,
इंदूरमधील काही मराठी दंतवैद्य